भिंतीवरची गोधडी आणि तिची मागची बाजू

(जुनं सुती कापड आणि झाडपाल्याचे रंग यांतून भिंतीवरची चित्रं करण्याचं चार दिवसांचं शिबिर आपल्या गटाने घेतलं. त्याच्या समारोपात केलेलं हे भाषण, थोडं नेटकं करून.)



भाषणाला उभी राहिले आहे खरी, पण माझी नखं अजून निळी आहेत आणि अंगठ्याला सुई टोचलेली दुखते आहे. तुम्हा सगळ्यांचीही तीच गत आहे. तेव्हा हे भाषण कमी आणि आपल्याच चार दिवसांच्या गप्पांचा हिशोब जास्त, असं समजा.

माझ्या मागे भिंतीवर तीन कापडी चित्रं टांगली आहेत. ती आपण सोळाजणींनी केली. पहिल्या दिवशी जेव्हा मी सांगितलं की आपण गोधडीच शिवणार आहोत, पण ती भिंतीवर लावायची आहे, तेव्हा आपल्यातल्या सर्वांत वयस्क मावशींनी विचारलं, "भिंतीला गोधडी? मग पांघरायचं काय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तो प्रश्न काही केल्या जाईना. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आपण काय काय घेऊन आलो होतो ते आठवा. निरोप असा होता की घरातलं जुनं सुती कापड आणा, नायलॉन-टेरिलीन नको. त्याचं कारण साधं आहे. झाडाच्या साली-मुळ्यांचा रंग सुताला, लोकरीला, रेशमाला धरतो; पॉलिएस्टरला तो जवळजवळ धरतच नाही. त्यामुळे झालं असं, की आपोआपच आपण आपल्या आधीच्या पिढीच्या पेटीत हात घातला. नऊवारी लुगडी, धोतरं, पंचे, बाळंतपणातली दुपटी आली. आणि सगळ्यांत जास्त काय आलं? रुखवत! उशांचे अभ्रे, ट्रेवरचे रुमाल, रेडिओवर घालायची झाकणं, क्रोशाच्या जाळ्या. लग्नाच्या मांडवात मांडायला म्हणून मुलीने वर्ष-दोन वर्षं डोळे फोडून भरलेले, सासरी आल्यावर पेटीत गेलेले आणि पुन्हा कधी फारसे बाहेर न आलेले. पिवळे पडले होते, घडीवर चिरले होते, पण भरतकाम शाबूत होतं. साखळी टाका, उलटी टीप, दसुतीवरचे मोर.

त्यातला एक अभ्रा तुम्हा सगळ्यांच्या लक्षात असेल. एकीने तो आपल्या आईच्या पेटीतून आणला होता. कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याने भरलं होतं, "कु." आणि पुढे आईचं माहेरचं संपूर्ण नाव. लेकीने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. लग्नात आईचं आडनाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं आणि तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलं नावही बदललं. मुलीच्या लेखी आई म्हणजे सासरचं नाव. रेशनकार्डावरही तेच, बँकेतही तेच, निधनाच्या बातमीतही तेच. जन्मल्यापासून अठरा वर्षं ती जी कोणी होती, तिचा एवढाच एक लेखी पुरावा उरला होता, उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात.

आणि आपण काय करणार होतो? आपली एक मैत्रीण कात्री घेऊन म्हणाली, "नावाचा कोपरा कापून टाकू, मोराचा भाग तेवढा घेऊ. नावाने डिझाइन बिघडतं." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्याला सवयच ती आहे. बाईच्या कामातला सुंदर भाग ठेवायचा आणि नावाचा कोपरा काढून टाकायचा. पण त्या वेळी सगळ्यांचेच हात थांबले आणि त्या दिवशी दुपारचा चहा होईपर्यंत आपण रंगाऐवजी नावावर बोललो.

दुसरी वस्तू होती आलवण. एकजण आजेसासूचं घेऊन आली होती. तरुण मुलींना तो शब्दच माहीत नव्हता. विधवेचं केशवपन करून तिला जे तांबडं लुगडं नेसायला लावत, ते आलवण. आल नावाचं झाड असतं, त्याच्या मुळीच्या सालीतून तांबडा रंग निघतो, त्या रंगातलं हे वस्त्र. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून पहिला कृत्रिम रंग काढला, १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेच्या जातीच्या झाडांमधला तांबडा रंगही जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कारखान्यात तयार केला. मग आलीची शेती मोडली, मुळ्या खणणाऱ्यांची आणि रंगाऱ्यांची पोटं मारली गेली. या आजेसासूच्या काळापर्यंत आलवणाचा रंग बहुधा गिरणीतला झाला असेल. पण सक्ती तीच राहिली. रंग झाडाचा असो की कारखान्याचा, कुणी कुणाला नेसायला लावला हा प्रश्न उरतोच.

हे मी मुद्दाम सांगते आहे. झाडपाल्याच्या रंगांबद्दल अलीकडे फार गोड बोललं जातं. जुनं ते सगळं शुद्ध आणि सोज्वळ असं काही नव्हतं. निळीचंच घ्या. बंगालातल्या शेतकऱ्यांवर गोऱ्या मळेवाल्यांनी निळीची सक्ती केली, तिच्याविरुद्ध १८५९-६० मध्ये उठाव झाला. चंपारणचा १९१७ चा लढाही निळीचाच होता. आपल्याकडे रंगारी, निराळी, भावसार या जातींच्या घरांत रंगकाम चाले. निराळी तर निळीवरूनच ओळखले गेले. रंगाऱ्याच्या नावाने धंदा चाले आणि पाणी आणणं, कुटणं, उकळणं, वाळवणं यांतलं किती काम घरच्या बायकांचं असे, याची नोंद कुठल्या वहीत सापडायची?

तरीही आपण हे रंग घेतले, कारण हे तंत्र आपल्या हातात राहतं. गावातल्या साधनांत, चुलीवर, दुकानदाराच्या पुडीवर न विसंबता करता येतं. १९९४ मध्ये जर्मनीने कर्करोगाला कारण होऊ शकणाऱ्या काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली तेव्हा आपल्याकडच्या कापड-धंद्यात केवढी धावपळ उडाली होती, हे अनेकींना आठवत असेल. ज्यांचे हात रोज त्या रंगांत बुडत होते, त्यांच्या तब्येतीसाठी मात्र एवढी धावपळ क्वचितच झाली.

ज्या आज नुसत्या ऐकायला आल्या आहेत त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात सांगते. आधी कापड कोरडं असताना वजन करायचं, कारण पुढचं सगळं माप त्यावर. मग धुण्याचा सोडा घालून उकळायचं. जुन्या कापडात खळ असते, तेल असतं, घाम असतो. ते निघालं नाही तर रंग डाग डागच बसतो. नंतर हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं. किलोभर कापडाला पाव किलोच्या आतबाहेर हिरड्याची पूड. पिळून वाळवायचं. त्यानंतर तुरटीचं पाणी, किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम तुरटी. हिरडा आणि तुरटी मिळून रंगाला धरून ठेवतात. ही पायरी टाळली तर पहिल्याच धुण्यात रंग वाहून जातो.

मग रंग. डाळिंबाच्या साली उकळल्या की पिवळा. त्यातच लोखंडाचं पाणी थोडं पडलं की शेवाळी, राखाडी. हे लोखंडाचं पाणी म्हणजे गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे मुरवलेलं. हिरड्याच्या कापडावर ते पडलं की काळं होतं. मात्र लोखंड जास्त झालं तर कापड कालांतराने कुजतं, म्हणून हात आखडता. मंजिष्ठेचा तांबडा, तिला खळखळून उकळी आणायची नाही, नाहीतर रंग तपकिरीकडे झुकतो. कांद्याच्या सालींचा नारिंगी-पिवळा. आणि नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही, ती आंबवून घ्यावी लागते. कापड माठातून बाहेर काढलं की पिवळट हिरवं दिसतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. त्या क्षणी आपण सोळाजणी कशा लहान पोरींसारख्या ओरडलो, ते मी विसरणार नाही. हळद आणि पळस मात्र भिंतीसाठी नकोत. रंग मोठा देखणा येतो, पण उजेडात फार लवकर उडतो.

दोन सूचना. मोरचुदासारखी विषारी क्षारं वापरू नका. आणि तुरटी-लोखंडाची भांडी वेगळी ठेवा, ती स्वयंपाकात परत आणू नका.

आता भिंतीकडे येते.

गोधडी भिंतीवर गेली की तिची 'कला' होते, हे काही आपण शोधून काढलेलं नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकी गोधड्या, ज्यांना तिकडे क्विल्ट म्हणतात, त्या आधुनिक चित्रांसारख्या भिंतींवर टांगल्या गेल्या. लोक थक्क झाले. त्या काळात गाजणाऱ्या अमूर्त चित्रांसारखंच काही तरी शेतकऱ्यांच्या बायका शंभर वर्षांपूर्वी करत होत्या! पण संग्राहकांची नावं गाजली आणि बहुतेक शिवणाऱ्या बायका अनामिक राहिल्या. १९७३ मध्ये पॅट्रिशिया मेनार्डी या स्त्रीवादी चित्रकर्तीने याला जोरदार उत्तर दिलं. तिने दाखवून दिलं की अनेक बायका आपल्या गोधड्यांवर नाव आणि तारीख शिवत होत्या. इतिहास लिहिणाऱ्यांनी ती वाचायची तसदी घेतली नाही.

त्याच देशात अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. मळ्यावरच्या गुलामांच्या वंशजांची. तिथल्या काळ्या बायका शेतात घालून विटलेल्या कपड्यांतून गोधड्या शिवत, थंडीसाठी. १९६६ मध्ये नागरी हक्क चळवळीच्या काळात त्या भागातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्थाही काढली. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन ह्यूस्टनला सुरू झालं, देशभर फिरलं, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली. या बायकांची नावं मात्र लावली गेली, हे लक्षात घ्या. तरी २००७ मध्ये त्यांच्यापैकी काहीजणींना मोबदला आणि हक्क यांवरून न्यायालयात दावे लावावे लागले. २००८ मध्ये ते आपसांत मिटले. म्हणजे नाव लागलं तरी काम संपत नाही. नावामागे हिशोबही यावा लागतो.

लांबचं कशाला, आपलंच सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या गटाने शहरातल्या एका दुकानासाठी अशीच भिंतीवरची कापडं करून दिली होती. मोठ्या हौसेने आम्ही प्रदर्शन पाहायला गेलो. प्रत्येक कापडाखाली चिठ्ठी होती आणि तिच्यावर रचनाकार म्हणून दुकानाच्या मालकीणबाईंचं नाव. किंमत आम्हाला मिळालेल्या मजुरीच्या कैक पट. आम्ही विचारलं तर उत्तर मिळालं, "अहो, तुमच्या घरात पडलेल्या चिंध्या होत्या, त्यांचं मी सोनं केलं." मालकीण बाईच होती, म्हणून जास्त लागलं. आणि खरं सांगते, तेव्हा आमच्याकडेही द्यायला हिशोब नव्हता. किती तास लागले, कुणी काय केलं, काहीच लिहिलेलं नव्हतं. भांडणार कशाच्या जोरावर?

म्हणून या वेळी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. या डाव्या बाजूच्या चित्राचा हिशोब वाचते. धुणं आणि रंगवणं १४ तास. कापणं, मांडणं, पुन्हा मांडणं ९ तास. धावदोरा आणि भरतकाम ६१ तास. एकूण ८४ तास. यात पाणी आणायला, साली गोळा करायला, जळणाला गेलेला वेळ नाही, कारण तो मोजायचं आपल्याही ध्यानात आलं नाही! काल फळ्यावर या ८४ तासांना आपण किमान वेतनाने गुणलं. आकडा पाहून सगळ्यात आधी कोण ओरडलं? आपणच. "एवढी महाग गोधडी घेणार कोण?" बाजाराने आपलं काम स्वस्त ठरवायच्या आधी आपणच ते स्वस्त ठरवून मोकळ्या होतो. घरात बसून केलेलं काम म्हणजे फावल्या वेळचं, हे आपल्या इतकं हाडीमाशी भिनलं आहे. घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. त्यात त्यांना इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावं असं म्हटलं आहे. इतकी वर्षं लोटली, भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. 'घरबसल्या फावल्या वेळात' या शब्दांनी किती जणींची मजुरी खाल्ली, त्याचा हिशोब एकदा मांडायला हवा.

याचा अर्थ कापड बोलत नाही असं नाही. बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात १९८८ पासून बायकांनी संघटित होऊन जुनी सुजनी नव्याने शिवायला घेतली. जुन्या साड्यांचे थर, वर धावदोरा, आपल्या गोधडीचीच बहीण. त्यांनी तिच्यावर हुंडा शिवला, दारुड्या नवऱ्याची मारहाण शिवली, मुलगी म्हणून पोटातच संपवलेला जीव शिवला. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर माणसं नाहीशी होऊ लागली, तेव्हा त्यांच्या आया-बायकांनी गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवली. कधी बेपत्ता माणसाच्याच कपड्याचा तुकडा त्यात असे. सही करणं जिवावर बेतणारं होतं. म्हणून नाव नसे. पण चित्राच्या मागे छोटा खिसा असे आणि त्यात चिठ्ठी, चित्रात काय सांगितलं आहे त्याची.

तो खिसा मला फार आवडला. म्हणून काल आपण ठरवलं की आपल्या तिन्ही चित्रांना मागून अस्तरावर खिसा शिवायचा. चित्र विकलं गेलं, भेट गेलं, कुठेही गेलं तरी खिसा बरोबर जाईल. त्यात एका सुती पट्टीवर पक्क्या शाईने लिहायचं: कुणी शिवलं, कापड कुणाच्या अंगावरचं होतं, रंग कशाचे, तास किती.

नाव कोणतं लिहायचं यावर मात्र वाद झाला, आणि तो चांगला झाला. काहीजणींनी माहेरचं लिहिलं, काहींनी सासरचं, कारण तीस वर्षं त्याच नावाने त्या जगल्या आणि लढल्या आहेत. चौघींनी नुसतं स्वतःचं पहिलं नाव लिहिलं, पुढे कुणाचंच नाही. आणि एकजण म्हणाली, "माझं नको. मी इथे येते हे घरी माहीत नाही." तिला आपण समजावत बसलो नाही. तिच्या जागी तिने एक छोटं निळं पान शिवलं आहे. ते कुणाचं, हे तिला माहीत आहे आणि आपल्याला. नाव लावायचा हक्क म्हणतो तेव्हा न लावायचा निर्णयही तिचाच, एवढं आपल्याला कळलं पाहिजे.

आता त्या अभ्र्याचं काय झालं? मधल्या चित्रात उजवीकडे वर पाहा. नाव कापलं नाही. मग प्रश्न आला रंगाचा. मंजिष्ठेत घातला असता तर तांबड्यात तांबडं नाव बुडालं असतं. निळीत घातला असता तर काळवंडलं असतं. शेवटी लेकीने डाळिंबाची साल निवडली. कापड फिकं पिवळं झालं आणि त्यावर आईचं नाव आधीपेक्षा ठळक दिसायला लागलं. मोराशेजारी, जिथे तिने भरलं होतं तिथेच.

आणि आलवण? ते कापायला कुणाचा हात होईना, आणि नुसतं मिरवायलाही मन धजेना. जिने आणलं होतं ती म्हणाली, "वर नको. आत घाला. इतकी वर्षं तिला बाहेर सगळ्यांनी त्याच रंगात बघितलं." म्हणून ते उजव्या चित्राचं मधलं अस्तर आहे. दिसत नाही. पण त्या चित्राचा प्रत्येक धावदोरा त्यातून गेलेला आहे, आणि त्याची गोष्ट मागच्या खिशात आहे.

मावशी, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पांघरायला गोधडी लागणारच, आणि ती तुम्ही शिवणारच. भिंतीवरची गोधडी तिच्याहून मोठी नाही. पण पांघरलेली गोधडी फाटेपर्यंत वापरली जाते आणि तिच्याबरोबर शिवणारीही विसरली जाते. म्हणून सोळाजणींनी मिळून तीन गोधड्या तेवढ्या भिंतीवर लावल्या आहेत. ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीला लावा, सहा महिन्यांनी उतरवून झटका, कसर लागू नये म्हणून घडीत कडुलिंबाचा पाला ठेवा.

आणि घरी जाल तेव्हा दोन कामं करा. पेटीतलं रुखवत काढा, त्याच्या कोपऱ्यांत कुणाचं नाव आहे का पाहा. आणि पुढची पांघरायची गोधडी शिवाल तेव्हा तिलाही मागून एक खिसा लावा.

आता चहा झाला की चित्रं उतरवून उलटी मांडू. पाहुण्यांना मागची बाजूही दाखवायची आहे.